‘लंबाडा’ची मूळ चाल आणि तिची पुढची रूपं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. हळद असो, गणपतीतला कार्यक्रम असो की सोसायटीचं गॅदरिंग, अकॉर्डियनचा आवाज लावून उजव्या हाताने ‘लंबाडा’चा सुरुवातीचा पीस सोडला की मागच्या खुर्च्यांवरची माणसंसुद्धा उठून पुढे येतात. कार्यक्रम संपल्यावर वायरी गुंडाळत असताना हमखास कोणीतरी येऊन विचारतं, “दादा, हे सनी देओलच्या पिक्चरमधलं ना?” तरुण पोरं म्हणतात, “नाही काका, जेनिफर लोपेझचं आहे.” ही चाल दोघांच्याही आधीची आहे. ती जिथून आली ते गाव, ती माणसं आणि ते वाद्य यांची ओळख स्टेजच्या पायरीवर दोन मिनिटांत करून देता येत नाही, म्हणून नेहमीचे प्रश्न घेऊन सविस्तर लिहितोय.

‘लंबाडा’ म्हणजे नेमकं कोणतं गाणं?

काओमा नावाच्या ग्रुपने १९८९ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये आणलेलं गाणं. भाषा पोर्तुगीज, गायिका ब्राझीलची लोआल्वा ब्राझ, वादक पॅरिसमधले आणि पैसा फ्रेंच. फ्रान्सच्या यादीत ते सलग १२ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. जर्मनीतही पहिलं आलं, ब्रिटनमध्ये चौथं. अमेरिकेत मात्र ४६ व्या क्रमांकापुढे सरकलं नाही. जगभरात त्याच्या लाखो प्रती खपल्या.

लंबाडा हे खरं तर एका नाचाचं आणि संगीतप्रकाराचं नाव. हे एकच गाणं इतकं चाललं की लोक गाण्यालाच लंबाडा म्हणू लागले.

मग मूळ गाणं कोणाचं?

बोलिव्हियातल्या लोस खार्कास या ग्रुपचं. अँडीज पर्वतातला कोचाबांबा हा त्यांचा मुलूख. एर्मोसा बंधूंनी १९७१ मध्ये हा ग्रुप उभा केला आणि चारांगो, केना, सांपोन्या ही गावाकडची वाद्यं घेऊन ते नवी गाणी बांधू लागले. चारांगो हे छोटं, तारांचं वाद्य. पूर्वी त्याची पाठ खवल्यांच्या आर्माडिलो या प्राण्याच्या कवचाची करत. केना म्हणजे उभी धरून वाजवायची बासरी. सांपोन्या म्हणजे लहानमोठ्या बोरूंची बांधलेली जुडी, ओठांसमोर सरकवत वाजवायची.

उलिसेस आणि गोन्सालो एर्मोसा या दोघा भावांनी ‘योरांदो से फुए’ हे गाणं रचलं. ते १९८१ च्या त्यांच्या अल्बममध्ये आलं. नावाचा अर्थ ‘ती रडत निघून गेली’. आज जगभर ज्या सुरावटीवर कंबरा हलतात, ती सुरावट आधी सांपोन्यामधून फुंकलेली आहे. मूळ गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी कीबोर्डवरचा हात काढून घेतला होता. इतकी वर्षं जी ओळ मी जोशात ठोकत होतो, ती तिथे श्वासावर चालत होती. प्रत्येक सुराच्या आधी हवेची बारीक फुंकर ऐकू येते.

गाण्याचे शब्द चावट आहेत का?

अजिबात नाहीत. हा सगळ्यात मोठा गैरसमज. मूळ स्पॅनिश गाण्यात एक पुरुष सांगतो की ती रडत निघून गेली, मी एकटा राहिलो. तीही कुठेतरी एकटी बसून ते प्रेम आठवत असेल. मला आज तिची आठवण येते, पण मनात राग नाही. जिवाला लागतं ते या ‘राग नाही’मुळे. काओमाच्या पोर्तुगीज गाण्यात बाई गाते आणि सूर थोडा बदलतो: ज्याने मला नुसतं रडवलं, तो स्वतःच रडत गेला. पहिल्या गाण्यातली माया दुसऱ्यात कमी होते, पण दोन्हीकडे रडणं आहेच. पोर्तुगीज कळत नसल्यामुळे आपण विरहगीतावर नाचतोय हे युरोपातल्या बहुतेकांच्या गावीही नव्हतं.

चालही तशीच आहे. कोमल गंधाराकडे ओढ घेणारी, पाश्चात्त्यांच्या भाषेत मायनर. लय काढून टाका आणि पेटीवर सावकाश वाजवा, घरातलं वातावरण उदास होतं की नाही बघा.

एवढी चांगली चाल असताना गदारोळ कशावरून झाला?

नाचावरून. लंबाडात जोडीदार एकमेकांना अगदी चिकटून उभे राहतात, एकाचा पाय दुसऱ्याच्या दोन पायांमध्ये असतो आणि कमरेतून लाट निघून खांद्यापर्यंत जाते. बाईचा घागरा आखूड असतो. गिरकी घेतली की तो छत्रीसारखा उघडतो आणि आतले कपडे दिसतात. टीव्हीवाल्यांनी कॅमेरा नेमका तिथे नेला. व्हिडिओत, मासिकांच्या मुखपृष्ठांवर, जाहिरातींत सगळीकडे तो घागराच होता. लोकांनी गाणं ऐकलं त्याहून जास्त पाहिलं.

पण हा नाच ज्यांनी नीट शिकलाय त्यांची पावलं बघा. एक सावकाश, दोन जलद, असं मोजमाप असतं. गुडघे सैल, पाठ ताठ, वजन या पायावरून त्या पायावर. घागरा फिरतो कारण गिरकी नीट बसलेली असते. आपल्याकडे लावणीचं जे झालं तेच याचंही झालं. तिकडेही अंगाची हालचाल तेवढी लोकांच्या डोळ्यांत भरली आणि ताल व पदन्यास कुणी पाहिला नाही.

ब्राझीलमध्ये या नाचावर बंदी होती हे खरं का?

‘निषिद्ध नाच’ हे शब्द जाहिरातींमुळे पसरले. ब्राझीलमध्ये फार पूर्वी माशिशे नावाचा जोडीने करायचा नाच होता, त्याच्यावर अश्लील म्हणून बरीच टीका झाली होती. त्या आठवणी लंबाडाला चिकटवून गोष्ट रंगवली गेली. प्रत्यक्षात लंबाडा संगीत म्हणून घडलं ते १९७० च्या दशकात, म्हणजे जाहिरातींत रंगवलेल्या त्या जुन्या काळाशी त्याचा काही मेळ बसत नाही.

हॉलिवूडने मात्र हे शब्द उचलून धरले. मेनाहेम गोलान आणि योराम ग्लोबस हे आधी भागीदारीत सिनेमे काढणारे चुलतभाऊ वेगळे झाले होते. दोघांच्या बाजूंनी एकेक लंबाडाचा सिनेमा आला आणि दोन्ही सिनेमे १६ मार्च १९९० या एकाच दिवशी प्रदर्शित झाले. काओमाचं गाणं त्यांतल्या एकाकडेच होतं. दोन्ही सिनेमे आज कुणाला फारसे आठवत नाहीत.

‘लंबाडा’ शब्दाचा अर्थ काय? लमाण-बंजारा समाजाशी संबंध आहे का?

काहीही संबंध नाही, आणि हा प्रश्न मला मराठवाड्यातल्या कार्यक्रमांत नेहमी येतो. पोर्तुगीजमध्ये लंबाडा म्हणजे चाबकाचा किंवा हाताचा सणसणीत फटका. नाचताना अंग चाबकासारखं लवतं, म्हणून हे नाव शोभतं. आपल्याकडचा लमाण, लंबाडी हा शब्द मिठाशी, लवणाशी जोडला जातो, कारण हे लोक बैलांच्या तांड्यांवर मीठ-धान्य लादून देशभर नेत. तेलंगणात याच समाजाला लंबाडा म्हणतात, त्यामुळे घोटाळा वाढतो. नाचाचं नाव घेऊन त्या समाजातल्या बायकांच्या पोशाखावर कोणी शेरे मारत असेल तर त्याला तिथल्या तिथे थांबवा.

बोलिव्हियाच्या डोंगरातली चाल फ्रान्सला पोचली कशी?

हा सगळा प्रवास अवघ्या आठ वर्षांचा आहे.

पहिली उडी पेरूत. १९८४ मध्ये क्वार्तेतो कोन्तिनेन्ताल या ग्रुपने गाण्याची लय वाढवली, त्याला कुंबिया या लॅटिन अमेरिकन नाचाच्या ठेक्यावर बसवलं आणि सांपोन्याच्या जागी अकॉर्डियन आणला. निर्माते होते आल्बेर्तो माराव्ही. माझ्या मते या सगळ्या इतिहासात सर्वांत कमी कौतुक झालेली जागा ही आहे. आज मी कीबोर्डवर जो पीस वाजवतो आणि लोक ज्याच्यावर ओरडतात, तो अकॉर्डियनचा पीस या पेरूच्या वादकांचा. चाल बोलिव्हियाची खरी, पण तिला नाचायला लावलं ते यांनी.

दुसरी उडी ब्राझीलमध्ये. १९८६ मध्ये मार्सिया फेरेइरा या गायिकेने ‘शोरांदो से फोई’ या नावाने ते पोर्तुगीजमध्ये आणलं. शब्द तिने आणि जुझे आरी यांनी बेतले होते आणि त्यासाठी रीतसर परवानगी घेतली होती.

आता नाचाकडे वळू, कारण तो वेगळ्या वाटेने आला. ब्राझीलच्या उत्तरेला अॅमेझॉनच्या मुखाशी पारा हे राज्य आहे, बेलेम ही त्याची राजधानी. तिथे कारिंबो नावाचा जुना, ढोलांचा नाच होता. त्यात कॅरिबियन बेटांकडचं मेरेंगे हे नाचाचं संगीत मिसळलं आणि इलेक्ट्रिक गिटार आली. तिथले गायक पिंडूका यांनी १९७६ मध्ये लंबाडा हे नाव देऊन रेकॉर्डिंग केलं, मेस्त्रे व्हिएरा यांचा गिटारवरचा लंबाडाचा अल्बम १९७८ चा. तिथून ही लाट किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला बाहिया राज्यातल्या पोर्तो सेगुरोला आली. हे सुट्टीला जायचं गाव. समुद्राकाठच्या नाचघरांमध्ये १९८० च्या दशकाच्या शेवटी या नाचाला आज आपण ओळखतो तो आकार आला.

तिथेच १९८८ मध्ये ऑलिव्हिए लोर्साक हा फ्रेंच माणूस पोचला. त्याने नाच पाहिला, गाणी ऐकली, आणि जाँ काराकोस या मुरलेल्या रेकॉर्ड-निर्मात्याबरोबर शेकडो लंबाडा गाण्यांचे हक्क विकत घेतले. पॅरिसला परतून त्यांनी ग्रुप जुळवला. सेनेगलच्या तुरे कुंडा या ग्रुपबरोबर वाजवणारे वादक घेतले, संगीताची जुळवाजुळव जाँ-क्लोद बोनाव्हांत्यूरकडे दिली, गायला लोआल्वा ब्राझला बोलावलं. टीएफ१ ही टीव्ही वाहिनी आणि ओरांजिना हे शीतपेय पाठीशी उभे राहिले. त्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये टीव्ही लावला की हे गाणं लागायचंच.

मग चाल चोरली असं म्हणतात, ती चोरी कुठे झाली? हक्क तर विकत घेतले होते.

शेकडो गाण्यांचे घेतले, पण ज्या गाण्याने पैसा केला त्याचा खरा मालक त्यांत नव्हता. रेकॉर्डवर रचनाकार म्हणून ‘चिको दे ओलिव्हेरा’ असं नाव छापलं. असा कोणी रचनाकार नव्हता. ते लोर्साकचंच टोपणनाव होतं. शब्द फेरेइराच्या गाण्यातले, अकॉर्डियन पेरूच्या धर्तीवर, चाल एर्मोसा बंधूंची, आणि नाव चौथ्याचंच.

एर्मोसा बंधूंनी दावा लावला आणि ते जिंकले. भरपाई मिळाली, गाण्यावर त्यांचं नाव लागलं. उलिसेस १९९२ मध्ये वारला. आपल्या चालीवर आपलं नाव परत लागलेलं त्याला पाहायला मिळालं, एवढं तरी बरं झालं.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. लोआल्वा ब्राझला किंवा काओमाच्या वादकांना चोर म्हणू नका. रेकॉर्डवर कुणाचं नाव छापायचं हा निर्णय निर्मात्याचा असतो. वाजवणाऱ्याच्या हातात समोर ठेवलेला कागद तेवढा असतो, हे मी माझ्या धंद्यावरून सांगू शकतो.

खुद्द लोस खार्कासवरही आक्षेप आहे म्हणतात, तो काय?

आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. या गाण्याच्या ठेक्याला बोलिव्हियात अनेकदा ‘साया’ म्हटलं गेलं. साया हे युंगास दऱ्यांमध्ये राहणाऱ्या आफ्रिकी वंशाच्या बोलिव्हियन लोकांचं संगीत. गुलाम म्हणून आणलेल्या पूर्वजांकडून त्यांच्याकडे आलेलं. त्यांचं म्हणणं असं की लोस खार्कास वगैरे वाजवतात तो ठेका कापोरालेस नाचाचा आहे, त्याला साया म्हणून आमचं नाव पुसू नका. मला हे म्हणणं पटतं. चाल एर्मोसा बंधूंची याबद्दल वाद नाही. ठेक्याचं नाव मात्र ज्यांचं आहे त्यांनाच ठरवू द्यावं.

‘घायल’मधलं गाणं हेच का?

हो. ‘घायल’ १९९० मध्ये आला, काओमाच्या लाटेनंतर लगेच. ‘सोचना क्या’ची चाल ऐका, ओळख लगेच पटते. संगीतकार म्हणून नाव बप्पी लाहिरी यांचं, गायकांमध्ये आपल्या आशाताई आहेत. आशाताईंनी गायलेली ओळ चालीपेक्षा वेगळी मजा देते, कारण त्या शब्दाच्या शेवटी जो झटका देतात तो कोणत्याच परदेशी रूपात नाही. आणि बोलांचा अर्थ बघा: विचार कसला करायचा, जे होईल ते बघून घेऊ. बोलिव्हियातलं रडणं इथपर्यंत येता येता पूर्ण उलटं झालं होतं.

आमच्या भागातल्या बँडवाल्यांनी हे गाणं वरातीत क्लॅरिनेटवर नेलं आणि ते आजही वाजतं. ज्या क्लॅरिनेटवाल्याकडून मी पहिल्यांदा ही चाल शिकलो, तो तिला ‘घायलवाली’ म्हणायचा. माझ्या घरच्या कॅसेटच्या आतल्या कागदावर बोलिव्हियाचा उल्लेख नव्हताच. आम्हाला कळणार तरी कुठून?

आणि जेनिफर लोपेझ?

२०११ चं ‘ऑन द फ्लोअर’. निर्माता रेडवन, सोबत पिटबुल हा रॅपर. ब्रिटनमध्ये पहिलं, अमेरिकेत तिसरं. या वेळी गाण्याच्या श्रेयात एर्मोसा बंधूंची नावं पहिल्यापासून आहेत. काओमानंतरच्या बावीस वर्षांत एवढा फरक पडला. त्याच सुमारास पोर्तो रिकोच्या डॉन ओमारने ‘टाबू’ काढलं, तेही याच चालीवर. त्याआधी २००६ मध्ये विसिन आणि यांडेल या जोडीने ‘पाम पाम’मध्ये ती वापरली होती. जपानीतही १९९० मध्ये आकेमी इशिई हिने हे गाणं गायलं. मला या सगळ्यांत डॉन ओमारचं जास्त आवडतं, कारण त्यात चालीला थोडा श्वास घ्यायला जागा ठेवलीय.

व्हिडिओतली ती दोन लहान मुलं कोण?

चिको आणि रोबर्टा. बाहियाच्या किनाऱ्यावर चित्रीकरण झालं होतं. काळा मुलगा, गोरी मुलगी, त्यांचा नाच मुलीच्या घरच्यांना खपत नाही, अशी छोटी गोष्ट त्यात आहे. पुढे दोघांनी स्वतःची गाणीही काढली. एवढ्या लहान मुलांना या नाचासाठी कॅमेऱ्यापुढे उभं करणं मला आज खटकतं. त्या व्हिडिओत रंगभेदाबद्दल काही म्हणायचा प्रयत्न होता, हेही तितकंच खरं.

लोआल्वा ब्राझचं पुढे काय झालं?

ती ब्राझीलला परतली, गात राहिली. रिओ दि जानेरो राज्यातल्या साकुआरेमा या समुद्राकाठच्या गावी तिचं छोटं अतिथिगृह होतं. १९ जानेवारी २०१७ रोजी तिथे दरोडा पडला आणि तिचा खून झाला. जळालेल्या गाडीत तिचा देह सापडला. वय ६३. याबद्दल अधिक लिहावंसं वाटत नाही. पण गाणं वाजवण्यापूर्वी मी माइकवर तिचं नाव घेतो.

कव्हर आणि उचललेली चाल यांत फरक काय? आम्हाला कव्हर करायचं असेल तर?

कव्हर म्हणजे रचनाकाराचं नाव लावून, त्याचा मोबदला देऊन गाणं पुन्हा गाणं. फेरेइराने केलं ते कव्हर. उचलणं म्हणजे चाल तीच ठेवून नाव आपलं लावणं.

भारतात कॉपीराइट कायद्याचं कलम ३१ सी कव्हरसाठी आहे, २०१२ च्या दुरुस्तीत आलेलं. मूळ रेकॉर्डिंग ज्या वर्षी झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबावं लागतं, मालकाला आधी नोटीस द्यावी लागते, रॉयल्टी आगाऊ भरावी लागते आणि रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. दोघांची रचना असेल तर जो शेवटी जातो त्याच्यापासून मोजतात. म्हणजे ही चाल मोकळी व्हायला अजून खूप वेळ आहे.

स्टेजवर वाजवायचं असेल तर आयोजकाने परवाना घ्यायचा असतो. लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभ यांना कलम ५२ मध्ये सूट आहे. तिची हद्द कुठवर यावरून वाद होतात. गोवा सरकारने २०२४ मध्ये या सवलतीबद्दल काढलेलं परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केलं. तेव्हा हॉलवाल्याच्या तोंडी भरवशावर राहू नका, कागद बघा.

लंबाडा नाच अजून आहे का?

आहे. गाण्यांची लाट ओसरल्यावर ब्राझीलमधले नर्तक कॅरिबियन झूक संगीतावर तीच पावलं सावकाश टाकू लागले. त्यातून ब्राझीलियन झूक हा नाच निघाला आणि तो आज अनेक देशांत शिकवला जातो.

कोणत्या क्रमाने ऐकावं?

उलटं ऐका. आधी ‘ऑन द फ्लोअर’, मग ‘सोचना क्या’, मग काओमा, मग फेरेइरा, मग पेरूचं क्वार्तेतो कोन्तिनेन्ताल. तिथे थोडं थांबा आणि तो अकॉर्डियन दोनदा ऐका. मग लोस खार्कासचं १९८१ चं लावा. शक्य असेल तर रात्री, हेडफोनवर. सांपोन्या सुरू होतात त्याच्या जराशी आधी फुंकर ऐकू येते, ती चुकवू नका.